रंग हुकला, रेघ गवसली

बारावीचा निकाल लागला की निफाडसारख्या तालुक्याच्या गावी दोन ठिकाणी रांगा वाढतात. एक सेतू कार्यालयात, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी. दुसरी सरकारी दवाखान्यात, तंदुरुस्तीच्या दाखल्यासाठी. उंची, वजन, रक्तदाब, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, सही, शिक्का. दहा मिनिटांत काम उरकते. इंजिनिअरिंगला निघालेल्या मुलाला शाखा कोणती असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: कॉम्प्युटर, नाहीतर राउंडमध्ये जी लागेल ती. त्या शाखेत दिवसभर काय करावे लागते, हाताला काय काम असते आणि डोळ्याला काय, हे त्याने कुठे पाहिलेले नसते. त्याला सगळे रंग नीट ओळखता येतात का, हे तर घरात किंवा शाळेत कुणी कधी विचारलेलेच नसते.

सुमारे १४० वर्षांपूर्वी याच दोन प्रश्नांनी एका तरुणाच्या आयुष्याचा सांधा बदलला. त्याचे आडनाव आपल्या तालुक्यातल्या कित्येक विहिरींवर, पंपाच्या ओतीव लोखंडात उमटलेले दिसेल. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर. नांगर आणि पंप बनवणारे उद्योगपती म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण डॉक्टरच्या नजरेने त्यांचे चरित्र वाचले की वेगळीच गोष्ट ठळक होते. हा माणूस यंत्रांकडे आला तो डोळ्यांतल्या एका जन्मजात उणिवेमुळे, आणि ती उणीव नेमकी कोणती हे वेळेवर कळल्यामुळे.

चित्रे आणि यंत्रे

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. घरात विद्येला मान होता, पण लक्ष्मणचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे काढण्याची आणि यंत्रे खोलून पाहण्याची. त्या काळच्या घरात या दोन्ही छंदांना विद्या म्हणायची रीत नव्हती. मुलाने शिकून चांगल्या नोकरीला लागावे, ही वडिलांची अपेक्षा आजच्या वडिलांच्या अपेक्षेपेक्षा काही फार वेगळी नव्हती.

थोरले बंधू रामूअण्णा मात्र धाकट्याच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मण मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. १८५७ मध्ये सुरू झालेली ही शाळा तेव्हा देशातल्या नामांकित कलाशाळांपैकी एक होती. मुलाचा हात चांगला होता, आवड खरी होती, शाळा नावाजलेली होती आणि पैशाचा आधारही होता. शाखा निवडताना आपण जे निकष लावतो ते सगळे इथे पुरे होत होते. तरीही दोन वर्षांत गाडी अडली. लक्ष्मणला काही रंगांमधला फरकच नीट कळत नाही, त्याला अंशतः रंगांधत्व आहे, असे उघड झाले.

डोळ्यात नेमके काय कमी असते

आपल्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी आणि लख्ख उजेडात रंग दाखवणाऱ्या शंकुपेशी. एका डोळ्यात शंकुपेशी सुमारे ६० लाख असतात आणि त्यांचे तीन प्रकार असतात. एक प्रकार लांब लहरींच्या प्रकाशाला, दुसरा मध्यम लहरींच्या आणि तिसरा आखूड लहरींच्या प्रकाशाला जास्त दाद देतो. ढोबळमानाने त्यांना लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या पेशी म्हणता येईल. तिघींकडून येणाऱ्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. यातल्या लाल किंवा हिरव्या प्रकारातले रंगद्रव्य जन्मतः नसले किंवा थोडे वेगळे असले, की लाल आणि हिरवा, तपकिरी आणि हिरवट, गुलाबी आणि राखाडी, जांभळा आणि निळा अशा जोड्यांमध्ये घोळ होतो.

रंगांधत्व हा शब्द म्हणूनच फसवा आहे. अशा बहुतेक माणसांना जग काळे-पांढरे दिसत नाही. त्यांची नजर तीक्ष्ण असू शकते, अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ ते सहज वाचतात. पिकलेला आणि कच्चा टोमॅटो ते मऊपणावरून, उजळपणावरून, जागेवरून ओळखायला लहानपणीच शिकून जातात. इतरांना कसे दिसते हे त्यांना ठाऊक नसते, त्यामुळे आपल्याला काही कमी दिसते हेच त्यांना वर्षानुवर्षे कळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. भारतातल्या पाहण्यांमध्ये ते त्याहून कमी आढळते, तरीही मुलांच्या मोठ्या वर्गात एखादा तरी असा विद्यार्थी असण्याची शक्यता असतेच.

मुलींमध्ये हे प्रमाण फारच कमी असते, कारण या रंगद्रव्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलींकडे अशी दोन गुणसूत्रे असतात, त्यामुळे एक सदोष असले तरी दुसरे सांभाळून घेते. मुलाकडे एकच असते आणि ते आईकडून आलेले असते. म्हणून जन्मजात लाल-हिरवे रंगांधत्व बहुधा आईच्या वडिलांकडून, आईमार्फत नातवाकडे येते. मधल्या पिढीत आईला स्वतःला काही त्रास नसतो. वडिलांकडून ते मुलाला कधी मिळत नाही. मुलाच्या रंगांधत्वासाठी कुणाला दोष द्यावा असे यात काही नाही, पण मामाला रंग कळत नसतील तर भाच्याची तपासणी करून घ्यावी, एवढे शहाणपण यातून घ्यावे.

या उणिवेचे पहिले पद्धतशीर वर्णन करणारा माणूस स्वतःच रंगांध होता. अणुसिद्धांतामुळे प्रसिद्ध झालेला इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने १७९४ मध्ये मँचेस्टरला आपल्या दृष्टीबद्दल निबंध वाचला. डोळ्यातला पारदर्शक द्रव आपल्या बाबतीत निळसर असावा, असा त्याचा अंदाज होता. मृत्यूनंतर डोळा तपासावा असे तो सांगून गेला. १८४४ मध्ये तो गेल्यावर तपासणी झाली, तेव्हा द्रव अगदी स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषातून १९९५ मध्ये जनुकांची चाचणी करण्यात आली आणि हिरव्या प्रकारचे रंगद्रव्य त्याच्यात नव्हते हे स्पष्ट झाले.

लक्ष्मणराव कलाशाळेत होते तेव्हा आजची ठिपक्यांची चाचणी अस्तित्वात नव्हती. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये दोन आगगाड्यांची टक्कर झाली. सिग्नलचा रंग ओळखण्यात चूक झाली असावी असा संशय होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाला आला आणि त्याने रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला लावून रेल्वेच्या नोकरांची परीक्षा घेण्याची पद्धत रूढ केली. रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा वाचायला लावणारे जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांचे पुस्तक आले ते १९१७ मध्ये. आज जवळपास प्रत्येक नेत्रविभागात ते असते आणि त्या तपासणीला पाच मिनिटे पुरतात. लक्ष्मणरावांना हे कळायला दोन वर्षे लागली.

गेले काय आणि उरले काय

अशा वेळी दोन चुका सहज होतात. एक म्हणजे काही झालेच नाही असे समजून तसेच पुढे रेटणे. दुसरी म्हणजे सगळे संपले असे समजून घरी परतणे. लक्ष्मणरावांनी यातले काहीच केले नाही. रंगकाम त्यांनी सोडले. पण रेषा, माप, प्रमाण, एखाद्या वस्तूची बाजू डोळ्यांपुढे आणून कागदावर उतरवणे, या सगळ्यात त्यांचा डोळा पूर्ण शाबूत होता. म्हणून ते यांत्रिक रेखनाकडे वळले. यंत्राचे चित्र काढताना गुलाबी आणि राखाडी यांत फरक करावा लागत नाही. तिथे दाते, आस, व्यास आणि कोन लागतात. चित्रे आणि यंत्रे या त्यांच्या दोन आवडी जिथे एकमेकींना भेटतात, ती नेमकी हीच जागा होती.

दवाखान्यात आम्ही रुग्ण तपासतो तेव्हा पाय दुखतो एवढ्यावर थांबत नाही. सांधा, स्नायू, नस की रक्तवाहिनी, हे शोधतो, कारण उपचार त्यावर ठरतो. लक्ष्मणरावांच्या बाबतीत निदान असेच नेमके झाले. आपल्याला चित्रकला जमत नाही, असे मोघम उत्तर त्यांनी मान्य केले असते तर रेघही हातची गेली असती. शाखा निवडताना, किंवा निवडलेली शाखा जड जाऊ लागली की, हीच पद्धत उपयोगी पडते. गणित नको आहे, की गणित शिकवण्याची पद्धत नको आहे? यंत्रे आवडत नाहीत, की यंत्रशाळेतला गोंगाट सोसत नाही? प्रश्न जितका बारीक, तितके उत्तर कामाचे.

शिकवता शिकवता शिकणे

यांत्रिक रेखनाच्या जोरावर लक्ष्मणरावांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज व्हीजेटीआय म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे ते रेखन शिकवत आणि स्वतः यंत्रे शिकत. वाफेची शक्ती, तिच्यावर चालणारी इंजिने, त्यांचे सुटे भाग कसे बसवलेले असतात, हे त्यांनी पदवीचा विद्यार्थी म्हणून शिकून घेतलेले नाही. यंत्रे समोर होती, ती खोलायची, पाहायची, पुन्हा जोडायची. कागदावर काढलेली रेघ धातूत उतरते तेव्हा कुठे अडते, हे त्यांना तिथे कळले.

याच सुमारास देशी उद्योगांचा विचार महाराष्ट्रात मूळ धरत होता. १८४२ मध्ये आपल्या निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदांच्या मार्गाने सांगत होते की केवळ शेतीवर अवलंबून राहिलेला देश गरीबच राहील, कारखाने उभे राहिले पाहिजेत. विचार मांडणारे होते, कारखाना उभारणारे हात मात्र थोडे होते.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. तिथे त्यांच्यासाठी एक वाट आधीच थोडीफार मळलेली होती. मुंबईत सायकल नवी होती तेव्हाच लक्ष्मणरावांनी सायकली घेऊन बेळगावला पाठवायला सुरुवात केली होती. रामूअण्णा त्या विकत आणि लोकांना चालवायला शिकवत. किर्लोस्कर बंधू या व्यवसायाचे स्थापनावर्ष १८८८ मानले जाते ते या धडपडीमुळे. म्हणजे नोकरी सुटण्याच्या कितीतरी आधी, नोकरी सांभाळून, त्यांनी दुसरी वाट चाचपून पाहिली होती.

पुढची काही वर्षे म्हणजे एकामागून एक शाखांची ओळखच म्हणावी लागेल. सायकलींची दुरुस्ती केली, पवनचक्क्या विकल्या. मग कडबा कापण्याचे यंत्र बनवले. हे यंत्र बनवताना ते शेतकऱ्याच्या दारात पोहोचले आणि तिथे त्यांना खरा प्रश्न दिसला. लाकडी नांगर जमीन वरवर ओरखडतो, माती खालपासून उलटत नाही. लोखंडी नांगराच्या वळलेल्या पात्याने ती उलटते, तण गाडले जाते आणि मुळांना खोल जायला जागा मिळते. १९०३ मध्ये त्यांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. पण तो घ्यायला कुणी पुढे येईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये पक्की होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. नांगर तयार करणे हा यंत्रशास्त्राचा प्रश्न होता. त्यावर विश्वास बसवणे हा माणसांचा प्रश्न होता, आणि तो कोणत्याच तंत्रशाळेच्या अभ्यासक्रमात नव्हता.

चित्रकार राजाची जमीन

बेळगावात कारखान्याचा जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेच्या योजनेत त्यांना जागा सोडावी लागली. त्या वेळी ते औंध संस्थानात एका मंदिराच्या सभामंडपाचे काम करत होते. म्हणजे बांधकामही त्यांनी हाताळले होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना संस्थानात कुठेही जागा निवडायला सांगितले आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. हे बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि चित्रसंग्राहक. औंधचे प्रसिद्ध संग्रहालय त्यांनीच उभारले. रंगांनी ज्याला परत पाठवले होते, त्याला उभे राहायला जागा दिली ती एका चित्रकाराने.

लक्ष्मणरावांनी निवडलेली जागा कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात येते आणि स्थानकालाही तेच नाव आहे. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम त्यांनी घातला. कारखान्यात नांगर, उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तयार होऊ लागले.

माणसे निवडतानाही त्यांनी प्रमाणपत्र पाहिले नाही. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले होते. तिथे ते कल्पक इंजिनिअर झाले. परीक्षेत नापास झालेले के. के. कुलकर्णी मालाच्या विक्रीची बाजू सांभाळू लागले. शंभूअण्णा जांभेकर बिघडलेले यंत्र मार्गी लावणारे, तर मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळणारे. आधी माणसाला कामाच्या आसपास वावरू द्यायचे, मग तो कशात रमतो ते पाहून त्याला तिथे बसवायचे, असा हा क्रम दिसतो. स्वतःचे काम त्यांना ज्या रीतीने सापडले होते, तीच रीत त्यांनी दुसऱ्यांसाठी वापरली.

वाडीतून रंगांनाही दुसरे दार उघडले. त्यांचे पुतणे शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. चिरंजीव शंतनुराव १९२२ मध्ये अमेरिकेला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले आणि १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. वडिलांनी पदवीशिवाय कारखाना उभारला म्हणून मुलानेही पदवी घेऊ नये, असे लक्ष्मणरावांना वाटले नाही. पुढे हरिहरला यंत्रसामग्री, पुण्याला तेल इंजिने, बंगळूरला विजेच्या मोटारी, असा विस्तार झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

प्रत्येकाला रामूअण्णा मिळत नाहीत

ही गोष्ट मुलांना सांगताना जपून सांगावी लागते. १८८५ मध्ये कलाशाळेत पाऊल टाकल्यापासून १९०३ च्या नांगरापर्यंत १८ वर्षे गेली. एवढा काळ चाचपडायला मागे रामूअण्णांसारखा भाऊ लागतो. कांद्याच्या भावावर ज्यांची फी ठरते, बँकेचे शैक्षणिक कर्ज ज्यांनी काढलेले असते, त्या घरातल्या मुलाला मनाजोगे सापडेपर्यंत शोधत राहा असा सल्ला देणे सोपे आहे, परवडणारे नाही. म्हणून शोध प्रवेशाच्या आधी, थोड्या खर्चात आणि थोड्या दिवसांत झाला पाहिजे.

त्यासाठी आपल्या तालुक्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीवर ब्रिटिश काळातला बंधारा आहे. पक्षी पाहायला तिथे सगळेच जातात, पण दरवाजे, कालवे, साचणारा गाळ आणि त्याचा हिशेब पाहिला तर स्थापत्य अभियांत्रिकी म्हणजे काय ते कळते. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प २००२ पासून आहे; गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबवण्याचे आणि निर्यातीच्या आंब्यावर प्रक्रिया करण्याचे काम तिथे होते. साखर कारखान्यांचे बॉयलर, द्राक्षांची शीतगृहे, ठिबकचे संच, फवारणीयंत्रे दुरुस्त करणाऱ्या कर्मशाळा आहेतच. मोठ्या प्रकल्पांत परवानगीशिवाय आत जाता येत नाही, तिथे कॉलेजने पत्र द्यावे. कर्मशाळेत मात्र सुट्टीतले आठ दिवस मदतनीस म्हणून उभे राहायला कुणाची हरकत नसते.

प्रवेश झाल्यावरही थोडी मुदत हातात असते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे विषय बहुतेक शाखांना सामाईक असतात आणि काही महाविद्यालयांत गुणांनुसार, जागा असल्यास, दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते. त्या वर्षातले इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि कर्मशाळेचे तास मुले कटकट म्हणून उरकतात. लक्ष्मणराव ज्या जागी उभे राहून आपली वाट ओळखू शकले, ती जागा म्हणजे हेच दोन तास.

आता डोळ्यांबद्दल

रंगांची तपासणी दहावीच्या आसपास, निदान शाखा किंवा आयटीआयचा व्यवसाय निवडण्याआधी, एकदा करून घ्यावी. विशेषतः मुलांची. पुस्तकातले आकडे पाठ करून चाचणी पार करण्याचा उद्योग करू नये. त्याने दाखला मिळेल, डोळा बदलणार नाही. जन्मजात रंगांधत्वावर सध्या रूढ असा उपचार नाही. रंगीत भिंगांच्या चष्म्याने काही छटांमधला फरक जास्त उठून दिसतो, पण दृष्टी सर्वसामान्य होत नाही आणि नोकरीच्या तपासणीत तो चालत नाही.

रंगांधत्व आढळले तर इंजिनिअरिंगची दारे बंद होत नाहीत. कॉम्प्युटर, यंत्र, स्थापत्य या शाखांत त्याचा अडसर फारसा नसतो. विजेच्या कामात लाल, पिवळ्या, निळ्या तारा आणि रोधकांवरचे रंगीत पट्टे असतात. तिथे चिठ्ठी लावून, मीटरने मोजून काम करायची सवय लावावी लागते. रसायनशाळेत रंग बदलण्यावर ठरणारे प्रयोग अवघड जातात. खाणकाम किंवा पेट्रोलियमसारख्या शाखांत काही संस्था अट घालतात, म्हणून माहितीपुस्तिका बारकाईने वाचावी. ज्या नोकऱ्यांत दिव्याचा रंग क्षणात ओळखण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, उदाहरणार्थ रेल्वेचा लोको पायलट, वैमानिक, जहाजावरचा अधिकारी, तिथे नियम कडक आहेत. लोको पायलटच्या परीक्षेसाठी दोन-तीन वर्षे रात्रंदिवस अभ्यास करून, लेखी परीक्षा पार करून, शेवटच्या वैद्यकीय तपासणीत बाद होणारे तरुण असतात. ते घर कसे कोसळते, हे पाहवत नाही. पाच मिनिटांची तपासणी आधी झाली असती तर ती वर्षे दुसऱ्या वाटेवर लागली असती.

नियम बदलतही आहेत. सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याची वाट २०२० मध्ये मोकळी झाली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला सांगितले की रंगांधत्व असलेल्या विद्यार्थ्यांना सर्व अभ्यासक्रमांत प्रवेश द्यावा. कलेचे शिक्षण रंगांध माणसाला बंद असायलाच हवे, असे आता कायदाही मानत नाही.

एक इशारा मोठ्यांसाठी. जन्मजात दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि आयुष्यभर तसाच राहतो. चांगले दिसणारे रंग अचानक किंवा हळूहळू फिके वाटू लागले, विशेषतः एकाच डोळ्याने, तर तो डोळ्याच्या नसेचा किंवा पडद्याचा आजार असू शकतो. क्षयरोगासाठी एथॅम्ब्युटॉल घेणाऱ्या रुग्णाला लाल-हिरवा फरक कमी कळू लागला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वेळेवर औषध बदलले तर नजर बहुधा सुधारते.

इशिहाराचे पुस्तक सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात असते, आणि तपासणीला पैसे किंवा फार वेळ लागत नाही. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधीच्या आठवड्यात मुलाला तिथे घेऊन या.